साटा कार्ड लावलंय पण डिस्का मधेच गायब होतात, ४ टीबीवाली तर फॉरमॅटच मागते

सुदामानगरवाला:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. लग्न-मुंजीचं व्हिडिओ शूटिंग करतो त्यामुळे डेटा कधी संपतच नाही. पीसी आहे रायझन ५ २६००, बी४५० चा छोटा बोर्ड, विंडोज १० एनव्हीएमईवर (बोर्डावरच बसणारी एसएसडी), एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ४५० वॉटचा. बोर्डावर साटाचे (डिस्का जोडायचे) चारच पोर्ट, तीन डिस्का आणि एक डीव्हीडी रायटर (हसू नका, म्हातारे पाहुणे अजून डीव्हीडीच मागतात) लावून सगळे भरले. म्हणून चार पोर्टवालं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आणलं, चिपवर एएसएम१०६४ लिहिलंय, खालच्या छोट्या स्लॉटमध्ये बसवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर असं दिसतंय, पिवळं चिन्ह वगैरे नाही.

आता भानगड अशी की कार्डावरच्या डिस्का बायोसमध्ये दिसत नाहीत, विंडोजमध्ये दिसतात. पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की टक् असा आवाज येतो आणि कार्डावरच्या सगळ्या डिस्का एकदम जातात, थोड्या वेळाने आपोआप परत येतात. आणि तिसरी गोष्ट, एक ४ टीबीची डिस्क बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढून आत लावलीय, ती ४६५ जीबीची रॉ (म्हणजे विंडोजला आतलं वाचता येत नाही) दाखवते, बाकी सगळं अनअलोकेटेड (न वाटलेली जागा), आणि विंडोज सारखं फॉरमॅट करू का विचारतं. दुकानवाला म्हणतो ड्रायव्हर टाका आणि फॉरमॅट मारा. त्यात तीन सीझनचं काम आहे हो! काय करू?

पेचकस:
पहिले त्या फॉरमॅटच्या खिडकीवर कॅन्सल दाब भिया आणि त्या डिस्कची केबल काढून ठेव. डेटा बहुतेक जसाच्या तसा आहे.

४६५ हा आकडाच सगळं सांगतो. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३७२५ जीबी दिसते, तिला ८ ने भाग दे, ४६५ येतात. एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठे ते लिहिलेली जुन्या पद्धतीची यादी) २ टीबीच्या पुढे जात नाही, म्हणून बरेच यूएसबी डबे कॉम्प्युटरला सांगतात की सेक्टर (डिस्क मोजायचा छोटा तुकडा) ४०९६ बाइटचा आहे, मग एमबीआरवर पण मोठी डिस्क चालते. तीच डिस्क थेट साटाला लावली की सेक्टर ५१२ चा मोजला जातो, टेबलात आकडे तेच राहतात पण प्रत्येक आकड्याची किंमत आठवा हिस्सा, म्हणून पार्टिशन पण आठवा हिस्सा दिसतं आणि आत काहीच जुळत नाही म्हणून रॉ. कार्डाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, बोर्डाच्या पोर्टवर लावलीस तरी हेच दिसेल.

परत त्याच डब्यात घाल, त्याच, दुसऱ्या कंपनीच्या नको. काही डब्यांची सर्किट तर डेटा एन्क्रिप्ट पण करतात, पासवर्ड कधी टाकला नसला तरी. डब्यात घातल्यावर फोल्डर दिसले की आधी सगळं दुसरीकडे कॉपी कर. मग आत लाव, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुनी पार्टिशनं उडव, जीपीटी (२ टीबीच्या पुढे चालणारं टेबल) कर, फॉरमॅट कर आणि डेटा परत टाक. मधला शॉर्टकट शोधत बसू नकोस.

बायोसचं म्हणशील तर साटाच्या पानावर बोर्डाचे स्वतःचे पोर्टच येतात, कार्डाचे येतीलच असं नाही. तुझी विंडोज एनव्हीएमईवर आहे, कार्डावरून बूट करायचंच नाहीये, तर सोडून दे. ड्रायव्हर पण काही लागत नाही, एएचसीआयचा (साटा चालवायची ठरलेली पद्धत) विंडोजमध्ये असतोच.

जुनी_रामबाग:
पेचकस भाऊंनी ४ टीबीचं बरोबर सांगितलं. गायब होण्याचं मला वेगळं वाटतं. कार्डावरच्या डिस्कांना पॉवर कुठून दिलीय? एकातून चार निघणारा स्प्लिटर असेल तर तिथंच घोळ आहे.

साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरू होताना १२ व्होल्टवर जवळजवळ २ अँपिअर ओढते. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे पूर्ण प्लगची ताकद साडेचार. त्यावर चार डिस्का टांगल्या तर सुरुवातीलाच ८ अँपिअर मागणार. कधी चालतं, कधी व्होल्टेज बसतं आणि सगळ्या एकदम पडतात. एकच डिस्क जात असती तर मी डेटा केबल म्हणालो असतो, पण सगळ्या एकदम जातात म्हणजे एक तर कार्ड नाही तर पॉवर, आणि तो टक् आवाज पॉवरकडे बोट दाखवतो.

अंदाजावर जाऊ नका, क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका. त्यात ०सी नंबरची ओळ म्हणजे पॉवर सायकल काउंट (डिस्क किती वेळा चालू झाली), आणि सी७ म्हणजे सीआरसी एरर (केबलमधून येता-जाता डेटा बिघडला ते). दोन्ही लिहून ठेवा आणि एकदा डिस्का गायब होऊ द्या. पीसी बंद न करता ०सी वाढला तर पॉवर तुटतेय, सी७ वाढला तर डेटा केबल खराब. दोन्ही जागच्या जागी असले तर मग कार्डावर शंका घेऊ, काढून परत घट्ट बसवा आणि स्क्रू लावा, तो न लावता मोकळं लोंबणारं कार्ड केबलच्या वजनाने तिरकं होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) १२९ आणि १५७ नंबर सापडतीलच पण त्यातून एवढंच कळेल की डिस्क गेली होती, ते तर तुम्हाला दिसतंच आहे.

सर्व्हरप्रेमी:
ही स्वस्त कार्डं घ्यायचीच कशाला यार? सेकंडहँड एलएसआय ९२११-८आय (सर्व्हरमधलं डिस्का जोडायचं कार्ड) घ्या, आयटी मोडचं (डिस्का जशाच्या तशा दाखवणारं) फर्मवेअर टाका, दोन ब्रेकआउट केबलवर (एकीचे चार फाटे) आठ डिस्का. विषय संपला.

पेचकस:
@सर्व्हरप्रेमी ते कार्ड झकासच आहे पण ते सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेलं, साध्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकला हात लावून बघ, आणि मे महिन्यात इंदूरला विना एसीच्या खोलीत तर बघायलाच नको. वेगळा पंखा लावावा लागतो. शिवाय फर्मवेअर टाकताना कच्चा खेळाडू असला की गेलं. याला चार डिस्का जोडायच्यात, डेटा सेंटर नाही उघडायचं.

स्पीडचं मात्र सांगून ठेवतो. एएसएम१०६४ जेन ३ (पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी) एक लेनची (डेटाचा एकच रस्ता) चिप, पण बी४५० चिपसेटमधून निघणाऱ्या लेन जेन २ च्या, तर त्या छोट्या स्लॉटमध्ये चारही डिस्कांत मिळून ५०० एमबी प्रति सेकंद, खरं तर हातात ४०० च्या आसपास. एका वेळी एक डिस्क चालली तर फरक कळणार नाही. एडिटिंगची चालू डिस्क बोर्डाच्या पोर्टवर घे, जुनं साठवलेलं कार्डावर दे, आणि डीव्हीडी रायटर पण कार्डावर ढकल.

सुदामानगरवाला:
सगळ्यांचे खूप आभार. ४ टीबी डब्यात घातली, फोल्डर सगळे दिसले!! बायकोला आधी सांगितलं, मग इथे लिहितोय. कॉपी चालू आहे, यूएसबीने रात्रभर चालेल.

स्प्लिटर खरंच एकातून चार निघणारा आहे, त्याचे प्लग एकसंध प्लास्टिकचे ओतलेले आहेत. ०सी प्रत्येक वेळी वाढून राहिलाय, सी७ सगळ्यांचा शून्य. मग एसएमपीएसच्या दुसऱ्या वायरीवर दोन साटा प्लग मोकळे होते, दोन डिस्का तिकडे नेल्या, तासाभरापासून कॉपी चालू आहे आणि अजून तरी काही पडलं नाही. आता उरलेल्यांसाठी काय, नवा स्प्लिटर घेऊ का? घरात एक जुन्या मॉड्युलर एसएमपीएसची केबल पण पडलीय, ती लावू?

जुनी_रामबाग:
ती जुनी केबल अजिबात लावू नका! डिस्कच्या बाजूचा प्लग सगळ्यांचा सारखा असतो पण एसएमपीएसच्या बाजूची वायरींची जागा कंपनीगणिक, कधी कधी मॉडेलगणिक बदलते. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की सगळ्या डिस्का एका झटक्यात.

ते ओतीव प्लगवाले स्प्लिटर पण काढून टाका, आत वायरी नीट झाकलेल्या नसल्या की शॉर्ट होतो आणि वितळलेले मी पाहिलेत. मोलेक्सचा (जुन्या पद्धतीचा मोठा पॉवर प्लग) चार पिनी प्लग मोकळा असेल तर त्यावरून एकातून दोन निघणारा घ्या, ज्यात प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते तसला. एका वायरीवर दोनच डिस्का, बास.

आणि पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट (स्लॉटची वीज वाचवायची सोय) ऑफ करून ठेवा. कॉपी पूर्ण झाली की लगेच ४ टीबी पुसू नका, आधी चार-दोन मोठ्या व्हिडिओ नव्या जागेवरून शेवटपर्यंत चालवून बघा.