दीड फूट बर्फात एवलांच येतो का? डिसेंबर, मनाली

निनाद_दांडियाबझार: नमस्कार मंडळी, आम्ही चौघं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मनालीला जातोय. पावागड दर रविवारी चढतो, हामटा पास सप्टेंबरात झालाय, त्यामुळे दमाची काळजी नाही. यंदा सोलांगच्या वर गाइड न घेता आपलं आपण जायचं म्हणतोय. होमस्टेवाला सांगतो बर्फ जेमतेम दीड फूट आहे, तोही नोव्हेंबरात पडलेला. एवढ्याशा बर्फात कसला एवलांच (डोंगरावरून बर्फ कोसळणं), तो तर जानेवारी-फेब्रुवारीत येतो ना? आई ऐकतच नाहीये म्हणून विचारतोय.

मांडवीचा_मिलिंद: निनाद, आईचं ऐक. मी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय आणि तिथे पहिल्यांदा हेच डोक्यातून काढायला लावलं. बर्फ पातळ असला की जमीन साधारण ० डिग्रीला आणि वर हवा उणे १२-१५, मधे थर एवढासाच, मग खालची वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण साखरेसारखे मोकळे होतात, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. जाड बर्फात हे एवढं होत नाही. आता ओट्यावर साबुदाणा पसर, त्यावर पाट ठेव आणि ओटा तिरका झाला असं समज. पाट म्हणजे डिसेंबरात वेस्टर्न डिस्टर्बन्सने (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) पडलेला आणि वाऱ्याने घट्ट बसवलेला नवा बर्फ. एका माणसाच्या वजनानेही तो सुटतो. उत्तरेकडच्या उतारांवर ऊन नाही, तिथे तो साखरेचा थर महिनोन्‌महिने टिकतो. ३० ते ४५ डिग्रीचा उतार सगळ्यात वाईट, फोनमध्ये कोन मोजता येतो तो मोजा. पायाखाली 'व्हुम्प' असा आवाज आला किंवा पावलापासून चीर पळाली तर तिथूनच मागे फिरायचं.

सुषमाताई_बडोदा: ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तरकाशीत द्रौपदी का डांडा शिखरावर ट्रेनिंगची तुकडी एवलांचमध्ये सापडली, २५हून जास्त जीव गेले. शिकवणारे सोबत होते, आणि महिना ऑक्टोबर! सीझन नाही म्हणून धोका नाही असं कृपा करून कोणी समजू नका. गाडला गेलेला माणूस १०-१५ मिनिटांत काढला तर वाचायची खूप आशा असते, नंतर ती भराभर कमी होते. म्हणजे वाचवणारे तुम्ही चौघंच, खालून कोणी वेळेत येत नाही. बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं, एकाकडे असून उपयोग नाही.

निनाद_दांडियाबझार: ताई, हे वाचून झोप उडाली. उघडा उतार सोडून नाल्यानाल्याने जंगलातून वर गेलं तर चालेल का?

मांडवीचा_मिलिंद: नाला तर नकोच रे! वरून थोडासाच सुटला तरी सगळा बर्फ नाल्यात येऊन साठतो आणि माणूस खोल जातो. दाट देवदार आणि कमी उतार असेल तर ठीक, पण झाडांच्या चढाकडच्या फांद्या तुटलेल्या दिसल्या तर तो एवलांचचा रोजचा रस्ता समज. निघायच्या आधी डीजीआरईचं (एवलांचचा अंदाज देणारी सरकारी संस्था) बुलेटिन रोज बघा, नवा बर्फ पडला तर निदान दोन दिवस खाली थांबा, आणि खाली साखर असेल तर दोन दिवसही पुरत नाहीत.

निनाद_दांडियाबझार: आमचा रस्ता नाल्यातूनच ठरला होता. तो रद्द. आजच गाइडला फोन करतो. बीकन कधी हातात धरलेला नाही, शिकायचं कसं?

मांडवीचा_मिलिंद: माझ्याकडे दोन आहेत. रविवारी सकाळी ७ला कमाटीबागेत या चौघं, एक पालापाचोळ्यात लपवतो, घड्याळ लावून शोधायचा.