मदत हवी आहे : पावसात कमोड तुंबतोय, फरशी फोडावी का?

नमस्कार मंडळी,

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. मी नोकरीला बेळगावात, उद्यमबागला. शनिवारी घरी जातो. आईचे गुडघे गेलेत म्हणून तीन वर्षांमागे जुनं भांडं काढून कमोड बसवला. उन्हाळ्यात कसली तक्रार नसते. पाऊस लागला की मात्र फ्लश केल्यावर पाणी काठापर्यंत चढतं, तिथंच थांबतं आणि पाच-सात मिनिटांनी गुडगुडत उतरतं. तेव्हाच शेजारच्या न्हाणीतल्या जाळीतून बुडबुडे येतात.

गाडी बोलावून संडासाची टाकी उपसून घेतली. चार दिवस बरे गेले, मोठा पाऊस झाला आणि परत तेच. एक मिस्त्री म्हणतो, "पाइप बसलाय, फरशी फोडायला पाहिजे." दुसरा ॲसिड ओता म्हणतो. शेजारचे काका म्हणतात, "टाकी बारीक पडाल्या, दुसरी बांधा." टाकी सहा बाय तीन फूट, आत पाणी चार फूट, पुढे शोषखड्डा. घरात एरवी आई-बाबा दोघंच.

शिवाय फ्लशच्या टाकीत रात्रभर बारीक सूं आवाज चालू असतो. छपरावरची टाकी सकाळी निम्मी.

आईनं संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलंय, रात्री उठायला नको म्हणून. उशाचा तांब्या सकाळी भरलेला तसाच असतो. हे मला बघवत नाही. गणपतीला पुण्याहून भावाची मंडळी येणार, घरात नऊ माणसं होतील. त्याआधी काय करू?

प्रतिसाद :
दादा, फरशीला हात लावू देऊ नका. मी शहापुरात प्लंबिंगचंच काम करतो. कमोडमधून पाइप बाहेर पडतो तिथलं पहिलं चेंबर उघडा आणि कुणाला तरी फ्लश करायला सांगा. चेंबर कोरडं आणि कमोड तुंबलेला, तर अडथळा घरातल्या पाइपात. चेंबरच भरलेलं असेल तर घरातला पाइप सध्या बाजूला ठेवा, दोष पुढे टाकीत नाहीतर शोषखड्ड्यात. न्हाणीत बुडबुडे येतात म्हणजे मला ही दुसरी शक्यताच वाटतेय. टाकीच्या हवेच्या पाइपाची जाळीही बघून घ्या, पालापाचोळा बसतो.

फ्लशचं सोपं आहे. टाकीत जिलेबीचा खायचा रंग चिमूटभर टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. रंग कमोडमध्ये उतरला तर तळाचं रबर गेलंय. पाणी मधल्या उभ्या नळीवरून सांडत असेल तर फ्लोट खाली घ्या, पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबलं पाहिजे. रबर बदलायचं तर जुनं काढून दुकानात सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात.

प्रतिसाद :
ॲसिड अजिबात ओतू नका हो. टाकीत मैला कुजवणारे जंतू असतात, ते मरतात. आणि आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू सुटतो, बंद संडासात जिवावर बेतेल. दुसरं म्हणजे टाकीत कुणालाही उतरवू नका, "दोन मिनिटांत बघून येतो" म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. आतल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत पडतो, काढायला गेलेलाही पडतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हाही आहे.

प्रश्नकर्ता :
आज चेंबर उघडलं. काठोकाठ भरलेलं, पण पाणी बरंचसं स्वच्छ, वर फणसाची पानं तरंगताहेत. पानं चेंबरात कुठून येणार? मग वर बघितलं. गेल्या वर्षी मागच्या पडवीवर पत्रे घातले, त्याच्या पन्हळीचा पाइप गवंड्यानं थेट या चेंबरात सोडलाय!

प्रतिसाद :
सापडलं तुमचं दुखणं. पत्रे किती? 500 चौरस फूट धरले तर 10 सेंटिमीटर पावसात साधारण 4600 लिटर पाणी येतं. तुमची टाकी जेमतेम 2000 लिटरची. त्यात तुमच्याकडची जमीन पावसाळ्यात तुडुंब, शोषखड्डा पाणी घेणार कुठून? पन्हळ आजच गटारीकडे वळवा. टाकी परत उपसू नका, पाणी उतरायला चार-पाच दिवस द्या. नऊ माणसं येतील तेव्हा न्हाणीचं पाणीही तात्पुरतं बाहेर परसात काढा.

प्रश्नकर्ता :
पन्हळ वळवून नऊ दिवस झाले. मध्ये दोन रात्री धो-धो पाऊस झाला, पाणी चढलं नाही. रंग उतरला होता, रबर बदललं, आवाज थांबला. न्हाणीचा पाइप उद्या काढतो. आईचा अजून विश्वास बसत नाही. काल रात्री तिच्यासमोर दोनदा फ्लश केला, ती दाराला धरून पाणी उतरेपर्यंत बघत होती. आता कमोडशेजारी भिंतीला धरायला दांडी बसवायचीय. विटांची भिंत आहे, बैठकीपासून किती उंचीवर घेऊ?