मदत हवी आहे : शेफील्डचा जुना वस्तरा, सेल्युलॉइडची मूठ ठेवावी की बदलावी?

नमस्कार.

पुण्याच्या जुन्या बाजारातून नुकताच एक वस्तरा घेतला आहे आणि तो पुन्हा दाढीच्या लायक करावा अशी मनापासून इच्छा आहे. सलूनमध्ये हल्ली सर्रास दिसतो तो सुटे ब्लेड बसवायचा वस्तरा हा नव्हे. ज्याचे पाते निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, लावावे लागते आणि दर दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावे लागते, तसा हा अखंड पोलादी पात्याचा वस्तरा आहे. काम सुरू करण्यापूर्वी दोन-तीन गोष्टींबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे, कारण त्यांतील एक पाऊल असे आहे की ते टाकल्यावर मागे घेता येणार नाही.

आधी वस्तूचे वर्णन करतो. पात्याच्या मुळाशी 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स' हे नाव, त्यांची चांदणी आणि माल्टीज क्रूस ही जोडखूण, आणि खाली 'शेफील्ड, इंग्लंड' असा ठसा आहे. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ले जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले आणि त्यानंतर शेफील्डच्या मालावर 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसू लागला, त्यामुळे हा वस्तरा बहुधा 1891 नंतरचा असावा. पात्याची रुंदी इंचाच्या पाच अष्टमांश, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर आहे. टोक शाबूत आहे, पाठीची, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेची, झीज बेताची आहे, आणि पोलादावर कोठेही निळसर किंवा तपकिरी झाक नाही. ही झाक मी विकत घेतानाच उन्हात धरून तपासली होती, कारण यंत्राच्या चाकावर घासून चकाकवलेल्या जुन्या पात्यांचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, अनेकदा उष्णतेने उतरलेले असते, आणि अशा पात्याला कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. दिसायला काळवंडलेले पण कोणी हात न लावलेले पाते मला चकचकीत पात्यापेक्षा केव्हाही अधिक मोलाचे वाटते.

त्याच दुकानात हस्तिदंती वाटणारी मूठ असलेला आणखी एक वस्तरा होता. तो मी हातातही धरला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली आहे, आणि वस्तू जुनी आहे एवढ्याने ती खरेदी वैध ठरत नाही. जुने वस्तरे शोधणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे असे मला कळकळीने वाटते.

आता मुख्य अडचण. मूठ कासवाच्या पाठीसारख्या नक्षीची, मधाच्या रंगाची आहे. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास येतो, म्हणून ती सेल्युलॉइडची (जुन्या काळच्या प्लास्टिकची) आहे याबद्दल मला शंका नाही. शिंगाची असती तर असा वास आला नसता. (काही जण तापलेली सुई टोचून परीक्षा करतात. सेल्युलॉइड भडकन पेट घेते, तेव्हा तो प्रकार कृपया कोणीही करू नये.) मुठीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीत, मधल्या भागात, बारीक चौकटीदार तडे गेले आहेत आणि तेथे ती धूसर झाली आहे. वस्तरा मिटला की पात्याचा जो भाग नेमका त्या तड्यांसमोर येतो, तेथेच गंजाचा ढगासारखा डाग आहे. बाकीचे पाते जवळजवळ स्वच्छ आहे. जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात आणि शेजारच्या पोलादाला गंज चढतो. ही कीड एका वस्तऱ्यावरून पेटीतल्या दुसऱ्या वस्तऱ्यांपर्यंतही पोहोचते. म्हणून सध्या पात्याला पातळ तेलाचा हात देऊन वस्तरा अर्धवट उघडा, हवेशीर जागी, इतरांपासून वेगळा ठेवला आहे.

माझा कल मूठ बदलण्याकडे आहे. परंतु मूळ खिळे आणि त्यांवरील पितळी चकत्या अजून जागच्या जागी आहेत, आणि खिळ्याचे डोके कानशीने घासल्याशिवाय पट्ट्या सुटणार नाहीत. मूळ मूठ एकदा गेली की ती गेलीच. ज्यांनी अशी मूठ ठेवून पाहिली आहे त्यांना विचारावेसे वाटते की तडे एकाच पट्टीत असताना विघटन थोपवता येते का, की आज ना उद्या दुसरी पट्टीही त्याच वाटेने जाते? बदलायचीच झाल्यास शिसवी लाकूड वापरण्याचा विचार आहे. टोकाच्या बाजूला दोन पट्ट्यांच्या मध्ये जी पाचर असते, तिचा उतार किती ठेवावा म्हणजे पाते मिटताना मधोमध बसेल आणि धार पट्टीला घासणार नाही, हे कोणी स्वतः केले असल्यास सविस्तर सांगावे.

दुसरा प्रश्न धारेचा. गंजाचा डाग धारेपासून फार दूर नाही. वरचा गंज रॉकेल आणि अतिशय बारीक पोलादी लोकरीने हाताने काढता येईल, पण खाली खड्डे निघाले आणि त्यातला एखादा धारेवर आला, तर तेथे पाते सूक्ष्म तुटत राहील. अशा वेळी 1000 नंबरच्या (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर खड्डा संपेपर्यंत पोलाद उतरवावे का? उतरवले तर पात्याची रुंदी घटते, आणि पाठ त्या प्रमाणात झिजली नाही तर धारेचा कोन वाढतो. व्हर्नियरने मोजल्यास पाठ 4.4 मिलिमीटर भरते, म्हणजे आजचा कोन सुमारे 16 अंश आहे. पाठ झिजू नये म्हणून विजेच्या कामाची चिकटपट्टी लावली तर आणखी साधारण एक अंश वाढेल. तेवढ्याने दाढीच्या मऊपणात फरक जाणवतो का? पुढचे टप्पे 4000, 8000 आणि शेवटी 12000 असे ठरवले आहेत.

ज्यांच्या घरी वडिलोपार्जित सलूनचा व्यवसाय आहे, त्यांना एक खास विनंती आहे. सुटी ब्लेड येण्यापूर्वी धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, जो निसणा असे, तो कोणत्या दगडाचा असे, त्यावर पाणी वापरत की तेल, आणि पट्ट्यावर फिरवण्याआधी वस्तऱ्याला पुरेशी धार लागली आहे हे जुनी मंडळी कशावरून ओळखत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून येथे लिहावे. मुठीबाबत उत्तर मिळेपर्यंत मी खिळ्यांना कानस लावणार नाही.