मुलगा १९ वर्षांचा, विशेष शाळा संपली. पुढे कार्यशाळा की निवासी संस्था?

कराडची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, वय १९. इथल्याच एका विशेष शाळेत जायचा. १८ झाल्यावर शाळेने सांगितलं की आता नाव कमी करावं लागेल, आणि तेव्हापासून तो घरीच आहे. सकाळी उठतो, टीव्ही लावतो, क्रिकेट असेल तर दिवस बरा जातो, नसेल तर चिडचिड करतो. शाळेत असताना मित्र होते, रिक्षावाले काका होते, डबा होता. आता काहीच नाही आणि वजन पण वाढायला लागलंय.

येतं काय काय ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. जेवण स्वतःचं स्वतः करतो, कपडे घालतो पण शर्टाची बटणं मी लावते, आंघोळ करतो पण पाणी मी काढून देते कारण एकदा गरम पाण्याने भाजलंय. कोपऱ्यावरच्या डेअरीतून पिशवी आणतो, पैसे मात्र महिन्याचे आम्हीच देतो, त्याला नोटांचं काही कळत नाही. आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे रस्त्यात कुणीही दिसला तरी जाऊन गळ्यात पडतो, कुणी चल म्हटलं तर जाईल सुद्धा.

मिस्टर एसटीत आहेत, ते म्हणतात पुण्यात कुठेतरी कार्यशाळेत घालू, मी त्याला घेऊन तिकडे खोली करून राहायचं. जाऊबाई म्हणतात निवासी संस्थेतच ठेवा, तुमच्यानंतर काय करणार. मोठ्या मुलीचं लग्न झालंय, ती म्हणते मी सांभाळीन, पण तिच्यावर सगळं टाकायचं मनाला पटत नाही. मला एवढंच विचारायचंय की या कार्यशाळांमध्ये नक्की शिकवतात काय? एकोणीसाव्या वर्षी शिकून काही फरक पडतो का? ज्यांची मुलं जातात त्यांनी प्लीज सांगा.

ठाणेकर_मावशी

ताई, पहिलं म्हणजे एकोणीस हे अजिबात उशिराचं वय नाही. माझी लेक २७ची आहे, तिने भाजी चिरायला पंचविशीनंतर सुरुवात केली आणि आता भेंडी माझ्यापेक्षा एकसारखी चिरते.

कार्यशाळेबद्दल सांगते. बहुतेक ठिकाणी पणत्या रंगवणं, राख्या, उटणं, फुलवाती, कागदी पिशव्या, फाइली, कुठे मसाले किंवा फराळाचं पॅकिंग असं काम असतं. मुलांना थोडंफार मानधन मिळतं. ते हातात आलं की त्यांचा चेहरा जो खुलतो ना, त्याची किंमत रकमेवर ठरत नाही. पण तुम्ही बघायला जाल तेव्हा दिवाळीच्या आधी जाऊ नका. तेव्हा सगळीकडेच धामधूम असते, ऑर्डरी असतात, सगळी मुलं कामात दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि तेव्हा मुलं काय करतायत ते बघा. नुसती बाकावर बसून असतील आणि मणी ओवून परत सोडवत असतील तर ती वेळ घालवायची जागा आहे, शिकायची नाही.

दुसरं म्हणजे तिथे विचारा की इथून घरी एकटं कोण जातं? एक जरी मूल बसने किंवा चालत एकटं जात असेल तर समजा की कुणीतरी त्याच्यावर मेहनत घेतलीय. स्वयंपाकघर बघा, मुलांना आत जाऊ देतात का ते बघा. पणती रंगवणं चांगलंच, पण आपल्यामागे त्याला पणती रंगवता येते की स्वतःचं ताट वाढून घेता येतं याने फरक पडणार आहे. आमच्या लेकीच्या इथे रोज दोघांची पाळी असते, सगळ्यांचा चहा करायचा, कप धुवायचे, बाजारातून बिस्किटं आणायची, पैसे मोजून द्यायचे, उरलेले आणून ताईंना दाखवायचे. वस्तू बनवण्यापेक्षा त्यातच ती जास्त शिकली असं माझं ठाम मत आहे.

निवासीचं म्हणाल तर चांगल्या जागा आहेत, पण थोड्या आहेत आणि थांबावं लागतं. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल आहे, ते पालकांनीच उभं केलंय. मुळशीत कोळवणकडे साधना व्हिलेज आहे, तिथे मोठी झालेली विशेष मंडळी घरासारखी एकत्र राहतात. जाऊन बघून या, बघायला काही लागत नाही. पण एकोणीसाव्या वर्षी घाईने ठेवून मोकळं व्हायचं असं करू नका, असं मला वाटतं. तिथेही ज्याला स्वतःचं आवरता येतं तो लवकर रुळतो.

विशेष_शिक्षिका_कोल्हापूर

मी विशेष शिक्षिका आहे, मोठ्या मुलांच्या गटाला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कराडच्या ताई, तुम्ही पोस्टमध्येच अभ्यासक्रम लिहून दिलाय. बटणं, आंघोळीचं पाणी, नोटा, अनोळखी माणूस. कुठल्याही चांगल्या केंद्रात गेलात तरी आधी हेच विचारतील की आत्ता काय येतं आणि कुठे अडतं, आणि त्यातून दोन-तीनच गोष्टी उचलतील. एकदम दहा घेतल्या की एकही होत नाही.

शिकवायची पद्धत अशी की कामाचे छोटे तुकडे करायचे आणि बऱ्याचदा शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. लिंबू सरबत घ्या. सुरुवातीला सगळं तुम्ही करा, त्याने फक्त ढवळायचं, ग्लासात ओतायचं आणि आजीला नेऊन द्यायचं. ते पक्कं झालं की साखर-मीठ घालणं त्याच्याकडे, मग पाणी मोजणं, मग लिंबू पिळणं, असं मागे मागे यायचं. यात काय होतं की पहिल्या दिवसापासून काम त्याच्या हातून पूर्ण होतं आणि शाबासकी त्याला मिळते. उलट सुरुवातीपासून शिकवलं तर तो लिंबात अडकतो आणि शेवटी आई म्हणते दे इकडे मीच करते. बटणांचं पण तेच, चार तुम्ही लावा, शेवटचं त्याच्यासाठी ठेवा, मोठ्या बटणांचा शर्ट घ्या, आणि घाईच्या वेळी शिकवू नका.

आंघोळीच्या बादलीला आतून रंगीत टेपची रेघ मारा. आधी गार पाणी रेघेपर्यंत, मगच गरम, हा क्रम कधी बदलायचा नाही. गिझर असेल तर त्याचं तापमान कायमचं कमी करून ठेवा. मग हाताला लावून बघायला शिकवा.

पैशांसाठी बेरीज-वजाबाकीच्या मागे लागू नका. दहा-दहाच्या नोटा द्या. दुकानदार चौतीस म्हणाला तर तीन नोटा आणि वर एक, बासष्ट म्हणाला तर सहा आणि वर एक. उरलेले खिशात घालून घरी आणायचे. एवढ्यावर रोजचं किराणा दुकान निभतं. पण हे खोट्या नोटांवर घरात शिकवून दुकानात जमेलच असं नाही, आमच्या मुलांचं शिकलेलं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर आपोआप जात नाही, त्यामुळे तुमच्या त्याच डेअरीत, त्याच काकांसमोर शिकवा. काकांना आधी सांगून ठेवा की तो पैसे काढेपर्यंत थांबा, मदत करू नका.

थांबणं आपल्याला पण शिकावं लागतं. सूचना दिली की मनात दहा आकडे मोजा, मग खूण करा, मग शब्दाने सांगा, आणि अगदीच नाही झालं तर हात धरून करून घ्या. आपण दोन सेकंदांत मदतीला धावतो, म्हणून मुलं वाट बघायला शिकतात.

गळ्यात पडण्याचं मात्र आजपासून घ्या, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. भिंतीवर फोटो लावा, घरच्यांना मिठी, ओळखीच्यांना हात हलवायचा किंवा नमस्कार, अनोळखी माणसाला काहीच नाही. आणि हे सगळ्या नातेवाइकांनी पाळायचं, एकोणीस वर्षांच्या मुलाला पाहुण्यांनी मांडीवर घेऊन लाड करायचे नाहीत. दार लावून कपडे बदलणं, आपल्या अंगाला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, नको असेल तर मोठ्याने नको म्हणणं, हे मुलग्यांना शिकवायचं राहून जातं कारण सगळं लक्ष मुलींच्या काळजीत असतं.

अजून एक, वजन वाढतंय आणि चिडचिड आहे म्हणताय तर थायरॉइड तपासून घ्या. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना असतो, दरवर्षी तपासणी व्हायला हवी, नाहीतर सुस्तीला लोक आळस म्हणतात.

कराडची_आई

मॅडम खूप खूप धन्यवाद, मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. टेपच्या रेघेचं डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना मात्र पटत नाही, त्या म्हणतात लेकराला कामाला का लावतेस. आणि गॅसची फार भीती वाटते, त्याचं काय करायचं?

विशेष_शिक्षिका_कोल्हापूर

गॅस आत्ता राहू द्या ना. इंडक्शनवर मॅगी, अंडी उकडणं, वरण गरम करणं एवढं होतं, ज्वाळा नसते, टायमर लावता येतो. भांडं गरम असतं हे तरी शिकवावंच लागेल. आणि सासूबाईंनाच शिक्षिका करा, सरबत त्यांनाच द्यायचं असं ठरवा, नातवाच्या हातचं प्यायला लागल्या की त्याच बाकीच्यांना सांगतील.

सोलापूरचे_बाबा

शिकवण्याचं वर छान आलंय, मी कागदांचं लिहितो कारण ते राहिलं की ऐनवेळी फार धावपळ होते.

मूल १८चं झालं की कायद्याने तो सज्ञान. आई-बाप म्हणून आपली सही आपोआप चालत नाही, बँकेत किंवा मालमत्तेच्या कामात अडतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चार प्रकारांसाठी कायदेशीर पालकत्वाची सोय आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, सोबत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोब. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, थेरपी आणि ओपीडीचा खर्च पण त्यात येतो, आधी मेडिकल तपासणी लागत नाही. समर्थ-घरौंदा नावाने राहण्याच्या सोयीची योजना पण आहे, तुमच्या जवळ कोणती संस्था ती चालवते ते न्यासाच्या वेबसाइटवर बघा.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा, पुढचं सगळं त्यावर चालतं. मिस्टर एसटीतच आहेत म्हणजे दिव्यांगांना तिकिटात मिळणाऱ्या ७५ टक्के सवलतीचं त्यांना माहीत असेलच. आणि त्याच्या नावावर मोठी रक्कम किंवा घर थेट करण्याआधी त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट करण्याबद्दल वकिलाकडून समजून घ्या, मुलीशी पण त्यावर मोकळेपणी बोला, तिच्या मनात काय आहे ते ऐका.

एकटी_पुण्यात

मला सेरेब्रल पाल्सी आहे, चाळिशीच्या आसपास वय, भाड्याच्या घरात एकटी राहते, सकाळी दोन तास मदतीला बाई येतात. वरचे सगळे सल्ले चांगले आहेत पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितेय. त्याला विचारलंय का कुणी?

पुणं की कराड, निवासी की घर, मिस्टर काय म्हणतात, जाऊबाई काय म्हणतात, सगळं आलं. त्याला काय आवडतं ते एकाच ठिकाणी आलंय, क्रिकेट. तो बोलत असेल तर विचारा, बोलत नसेल तर दोन जागा प्रत्यक्ष दाखवा आणि परत जायचं म्हटल्यावर चप्पल कुठल्या जागेसाठी घालतो ते बघा. माझ्या घरच्यांनी मला कधी काही विचारलं नाही. भाजी कुठली, गाऊन कुठला, सगळं ठरलेलं. एकटी राहायला लागल्यावर मला सगळ्यात जड गेलं ते हेच, दिवसातून पन्नास गोष्टी ठरवणं, व्हीलचेअर नव्हे. म्हणून हेही शिकवा की आज पोहे की उपमा तू सांग, निळा शर्ट की पिवळा तू सांग, आणि त्याने सांगितलेलं पाळा, पाहुणे येणार असले तरी.

स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं असं नाही. मला बटणं आजही लावता येत नाहीत, बाई लावतात, पण कुठला ड्रेस आणि किती वाजता ते मी सांगते. अमेरिकेत बर्कलीला १९७२ साली जे पहिलं स्वतंत्र जीवन केंद्र निघालं ते दिव्यांग लोकांनी स्वतः चालवलं, त्यांचं म्हणणं पण हेच होतं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात कलम १९ यावरच आहे, कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायचा हक्क.

सोलापूरच्या काका, पालकत्वाबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, पण माझा प्रकारही त्याच चारांत येतो, म्हणजे माझंही पालकत्व कुणी मागू शकलं असतं. त्यामुळे अर्ज करताना खरंच कशासाठी लागतंय ते ठरवून तेवढंच मागा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, ठराविक निर्णयापुरतं आणि त्या व्यक्तीशी बोलून, ते पण वकिलाला विचारा.

सोलापूरचे_बाबा

ताई तुमचा मुद्दा बरोबर आहे. न्यासाच्या कायद्यात पण समितीने पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामासाठी हे बघायचं असं लिहिलेलं आहेच, अर्जात ते नीट भरायला हवं.

ठाणेकर_मावशी

कराडच्या ताई, अजून एक सुचवते. पुण्यात खोली करून राहिलात तर त्याची डेअरी, त्याची गल्ली, आजी सगळं सुटेल. कराड काही खेडं नाही, तुमच्या शाळेतून नाव कमी झालेली अजून मुलं असणारच. चार-पाच पालक जमा करा, आठवड्यातून दोन दिवस कुणाच्या तरी घरी. एकत्र बाजार, एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, मग क्रिकेट. शिक्षिका मानधन देऊन महिन्यातून एकदा बोलवता येईल. ट्रस्ट, नोंदणी सगळं नंतर.

मलकापूर_२२

मी नुसतीच वाचत होते, पहिल्यांदा लिहितेय. आम्ही मलकापूरला राहतो, म्हणजे तुमच्या शेजारीच. मुलगी २२ची आहे, ती पण शाळा संपल्यापासून घरी. तिला पोळ्या लाटता येतात पण घराबाहेर एकटी कधी गेली नाही. आमच्या खालचा हॉल दुपारी रिकामा असतो, स्वयंपाकघर आहे, संडास-बाथरूम तळमजल्यावर आहे. शनिवारी भेटूया का? तुमच्या मुलाला पण आणा, त्यांनाच विचारू काय करायचं ते.

कराडची_आई

हो ताई नक्की, मेसेज करते तुम्हाला. आत्ताच त्याला विचारलं, तो म्हणतो बॅट आणू का.