आजीचा अभिमान आणि श्रावणातल्या कहाण्या

आजीच्या आयुष्यातले अभिमानाचे क्षण कोणते, असे विचारले की मुला-नातवंडांचे यश, असाच सूर बहुतेक उत्तरांत असतो. तो खरा असला तरी अपुरा वाटतो, कारण तिच्या स्वतःच्या कर्तबगारीचा अभिमान त्यात कुठेच येत नाही. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरीही श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की हातात अक्षता घेऊन बसलेल्या लेकी-सुनांना कहाणी सांगण्याचा मान तिचाच असे. मांडीवर कहाण्यांचे पुस्तक उघडे असायचे, पाने अंदाजाने उलटली जायची आणि "सुफळ संपूर्ण"पर्यंत एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. (पुस्तक एकदा उलटे धरले होते, हे आत्याने बऱ्याच वर्षांनी सांगितले.)

या संदर्भात ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचा उल्लेख व्हायला हवा. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे महिलादिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, पाठीला दप्तर लावून, घरची कामे उरकल्यावर दुपारी वर्गात बसू लागल्या. गावातल्या पारायणात आपल्यालाही पोथी वाचता यावी, ही त्यांची इच्छा या शाळेच्या मुळाशी होती. बँकेत अंगठ्याऐवजी सही करता येण्याचे अप्रूप सर्वांना कळते. मला मात्र पोथीची ती ओढ अधिक मोलाची वाटते, कारण ती कोणत्याही व्यवहारासाठी नव्हती.