काकांच्या मयताला डोळे कोरडे, लताबाईंच्या बातमीला धो धो. असं का?

मडकईकार:
घरात जुना विषय निघाला आणि बायकोने पुन्हा टोमणा मारला, म्हणून विचारतो. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. फोंड्याच्या बाजारातून बांगडे आणून मी मागच्या दारी साफ करायला बसलो होतो. आतून टीव्हीवर ऐकलं, लता मंगेशकर गेल्या. हाताला माशाचं रक्त तसंच, आणि मी पायरीवर बसून रडलो. बरंच रडलो. ब्याण्णव वर्षांच्या होत्या, जवळजवळ महिनाभर हॉस्पिटलात होत्या. म्हणजे अचानक असंही काही नव्हतं.

त्याआधी चारच महिने आमचे काका गेले. मला सायकल त्यांनी शिकवली, अकरावीची फी त्यांनी भरली. त्यांच्या मयताला डोळ्यांत टिपूस नाही. बायको म्हणते, ‘तुमचं रडं टीव्हीवाल्यांसाठी राखीव.’

लताबाईंना मी कधी पाहिलंही नाही. मंगेशी आमच्यापासून जवळ, एवढंच नातं. तेही त्यांच्या वडिलांचं गाव, बाईंचा जन्म इंदूरचा. मग हे रडू आलं कुठून? नाटकी आहे का मी?

साखळीची सून:
भाऊ, काकांच्या मयताला तुम्ही काय करत होता ते आधी सांगा.

मडकईकार:
लाकडं, भटजी, मुंबईच्या चुलतभावाला फोन, मृत्यूची नोंद. बाराव्याच्या जेवणाचा हिशेबही माझ्याकडेच.

साखळीची सून:
मग झालं तर! सासूबाई गेल्या तेव्हा मी तेरा दिवस फक्त चहा केला. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या गळ्यात पडून रडायच्या आणि माझं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे. रडायला हात मोकळे लागतात हो. लताबाईंच्या वेळी तुम्हाला कोणी लाकडं आणायला पाठवलं नाही.

पेडण्याचा मास्तर:
यात नाटकी काही नाही. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी यावर लिहून ठेवलंय. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं वाटत राहतं आणि एकतर्फी ओळख जमते. इंग्रजीत त्याला पॅरासोशल म्हणतात. ओळख एकतर्फी असली तरी रोजची असते, हे महत्त्वाचं. दूरच्या आतेभावापेक्षा जास्त रोजची.

अडचण पुढे आहे. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाज ज्याला मान देत नाही अशा दुःखाबद्दल लिहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर या दुःखाला सुतक नाही. कोणी भेटायला येत नाही, शेजारीण पेज आणून देत नाही. उलट बायको टोमणे मारते.

पणजीचो पात्रांव:
मी तर मतसुद्धा दिलं नव्हतं! १७ मार्च २०१९ ला पर्रीकर गेले. दुसऱ्या दिवशी कला अकादमीपाशी रांगेत उभा राहिलो. का, ते अजून सांगता येत नाही. गोव्यात पर्रीकरांना कधी न भेटलेला माणूस सापडणं कठीण, प्रत्येकाकडे एक किस्सा असतोच. माझ्याकडे एकही नाही. पुढचा आपला किस्सा सांगत होता, मागचा आपला, आणि मध्ये मी डोळे पुसत होतो. तुमच्याकडे निदान बांगडे होते, कांदा चिरत होतो म्हणून तरी सांगता आलं असतं.

सत्तरीची रेडिओवाली:
सगळे काकांवर आणि पुस्तकांवर ढकलताहेत म्हणून लिहिते. बाईंसाठीचं रडू बाईंसाठीच असू शकतं की. काजूच्या दिवसांत आमची आई बागेत फांदीला रेडिओ लटकवायची. बोंडवांचा वास आणि लताबाईंचा आवाज माझ्या डोक्यात एकत्रच आहेत. आई गेली, तिचा आवाज कुठेच नाही, साधा फोनमध्येही नाही. लताबाईंचा हवा तेव्हा ऐकता येतो, मग वाईट का वाटावं? तरी वाटलं. तोवर तो आवाज मुंबईत कुठल्यातरी खोलीत बसलेल्या एका बाईचा होता. आता तो नुसता आवाज आहे.

आणि १९४२ ला दीनानाथ गेले तेव्हा ती बारा वर्षांची, भावंडांत थोरली. लगेच कामाला लागली. साखळीच्या ताई, तिलाही हात मोकळे मिळाले नसणार.

मडकईकार:
सगळ्यांचे आभार. एक सांगतो, काका लताबाईंचे भक्त नव्हतेच. त्यांचे देव म्हणजे अभिषेकीबुवा. कोणी सिनेमाची गाणी लावली की उठून अंगणात जायचे. त्यामुळे बाईंच्या आडून मी काकांसाठी रडलो असं कोणी म्हणालं तर ते मला पचणार नाही. हात मोकळे लागतात, हे मात्र पटलं. पेजेचंही.

बायकोला सगळं वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘तुम्ही रडत बसलात तेव्हा मांजराने दोन बांगडे नेले, ते लिहिलंत?’

नव्हतं लिहिलं.