लग्न टिकून असताना एकाच्याच नावावर घर: तुमचे अनुभव लिहा

नवरा-बायकोपैकी एकाने स्वतंत्र घर घेतलं आणि पुढे वेगळं व्हायची वेळ आली, तर त्या घराचं काय झालं? ज्यांनी हे सोसलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. खरी नावं, पत्ते, केस नंबर नकोत.

ठाणे
वन बीएचके फक्त माझ्या नावावर घेतला. "दोघांच्या नावावर घेऊ, कर्ज जास्त मिळेल" असं घरात सगळे म्हणत होते. मी माझ्या पगारात बसेल तेवढंच कर्ज काढलं. फक्त बाईच्या नावावर घर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तीही मिळाली. घटस्फोटाची बोलणी सुरू झाली तेव्हा नवऱ्याने निम्मं घर मागितलं. लग्नानंतर घेतलं म्हणून निम्मं आपोआप जोडीदाराचं, असं १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कुठेच नाही, हे वकीलबाईंनी त्याच्यासमोर सांगितलं. तरी तो म्हणे, हप्ते मीच भरले. मग बँकेची स्टेटमेंट्स काढली. डाउन पेमेंटपासून प्रत्येक हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून गेलेला. तिथे विषय संपला. परस्परसंमतीच्या अर्जात "एकमेकांच्या मालमत्तेवर हक्क नाही" हे वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं.

पुणे
माझी बाजू उलटी. फ्लॅट त्यांचा, संसार माझा. नोकरी सोडून मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं, त्याची नोंद कुठल्याच इंडेक्स टूवर (घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) नसते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मला घराबाहेर काढता आलं नाही, पण ते राहण्यापुरतं. मालकी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ची एकरकमी पोटगी ठरवताना कोर्टाने त्यांची मालमत्ता विचारात घेतली, एवढाच त्या फ्लॅटशी माझा संबंध उरला. हा कायदा बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

म्हापसा
आमच्याकडे गोव्यात वेगळं आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता. लग्नाआधी करार केला नसेल तर सगळं दोघांचं, निम्मं निम्मं. फ्लॅट माझ्या पगारातून, माझ्या नावावर, तरी अर्धा त्याचा. विकायचा तर दोघांच्या सह्या. पुण्याच्या ताईंना हे न्याय्य वाटेल, आणि खरं सांगते, मलाही वाटतं. फक्त लग्नाआधी कोणी समजावलं नव्हतं.

नाशिक
घर तिला द्यायचं ठरलं, मी राजीखुशीने दिलं. पण कर्ज दोघांच्या नावावर. कोर्टातली तडजोड बँकेला बांधत नाही. कर्ज तिच्या एकटीच्या नावावर होईपर्यंत हप्ता चुकला की फोन मला.

कोल्हापूर
वेगळे राहत असाल आणि घटस्फोट अजून झाला नसेल तर मृत्युपत्र आजच करा. माझी बहीण अचानक गेली. घर तिच्या कमाईचं, पण मृत्युपत्र नव्हतं. १९५६च्या वारसा कायद्याप्रमाणे मुलीबरोबर नवराही वारस, मग तो कितीही वर्षं दूर का राहिलेला असेना. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, पण नॉमिनेशनने वारस ठरत नाही.